सासूबाईंचे चाळीस दिवस

माझा नवरा जर्मन, मी पुण्याची आणि आमचं घर अमेरिकेत साऊथ कॅरोलायनात, ग्रीनव्हिलजवळ. इथे का, असं सगळे विचारतात. बीएमडब्ल्यूचा मोठा कारखाना इथून जवळ ग्रीअरला आहे, १९९४ पासून तिथे गाड्या बनतात, आणि त्याच्या मागोमाग पार्ट पुरवणाऱ्या कितीतरी जर्मन कंपन्या या भागात आल्या. नवरा त्यातल्याच एका कंपनीत इंजिनियर आहे. आम्ही भेटलो श्टुटगार्टला, मी बोट क्लब रोडच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकून नोकरीसाठी तिकडे गेले होते, लग्न झालं आणि मग त्याची बदली इकडे झाली, दोन वर्षांसाठी म्हणून आलो आणि आता दहावं वर्ष चालू आहे, ग्रीन कार्ड झालं, लेक इथेच झाली.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे २०२४ मधे माझ्या सासूबाई पहिल्यांदा एकट्या आमच्याकडे येऊन चाळीस दिवस राहून गेल्या, त्याची तयारी आणि ते दिवस. वयस्कर आईवडलांना परदेशी बोलावणाऱ्या कुणालाही यातलं काहीतरी उपयोगी पडेल असं वाटतं.

आधीचं थोडं सांगते. सासरे २०२२ च्या हिवाळ्यात गेले. नवरा दोनदा जाऊन आला पण शेवटच्या दिवशी तो इथेच होता, फोन आला तेव्हा आमच्याकडे रात्रीचे दोन वाजले होते. त्यानंतर सासूबाई श्वेबिश आल्ब या डोंगराळ भागातल्या त्या छोट्या गावातल्या घरात एकट्याच. आम्ही दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचो, त्यांच्याकडे दुपारचे चार, म्हणजे कॉफी आणि केकची वेळ, आमच्याकडे सकाळचे दहा. त्या स्वतःपुरता एक तुकडा केक कापून स्क्रीनसमोर बसायच्या. टेबलावर प्लेट एकच असायची आणि ती बघून नवरा कॉल संपल्यावर बराच वेळ गप्प असायचा. तेव्हाच ठरवलं की त्यांना आणायचंच, आणि आठ दहा दिवसांच्या पाहुण्या म्हणून नाही, राहायला.

खरं तर नणंद सोबत येणार होती. पण इथे एक अशी गोष्ट कळली जी आमच्या गावीही नव्हती. जर्मन माणसाला ९० दिवसांपर्यंत अमेरिकेत यायला व्हिसा लागत नाही, ऑनलाइन ईएस्टा नावाची मंजुरी काढली की झालं. पण १२ जानेवारी २०२१ नंतर क्युबाला जाऊन आलेला असेल तर त्याला ईएस्टा चालत नाही, रीतसर व्हिसा काढावा लागतो, कॉन्सुलेटमधे इंटरव्ह्यू वगैरे सगळं. आणि जर्मन लोक तर हिवाळ्यात उन्हासाठी क्युबाला सर्रास जायचे. नणंद २०२२ मधे तिच्या नवऱ्याबरोबर दोन आठवडे बीचवर जाऊन आली होती. फॉर्ममधे तो प्रश्न आला आणि तिचं येणं तिथेच थांबलं. सासूबाई म्हणाल्या, मग मी एकटी येते. वय ७२, इंग्रजी शाळेत शिकलेलं तेवढंच, आणि एकटीने विमानप्रवास आयुष्यात कधी केलेला नाही.

ईएस्टाचं काम तसं सोपं आहे. पासपोर्ट चिपवाला पाहिजे, फॉर्ममधे आईवडलांची नावं, इथला पत्ता, इमर्जन्सी कॉन्टॅक्ट भरायचा, आणि निदान ७२ तास आधी भरा असं ते सांगतात. आम्ही तीन आठवडे आधी भरला आणि दुसऱ्या दिवशी मंजूर झाला. तेव्हा फी २१ डॉलर होती, ३० सप्टेंबर २०२५ पासून ४० झालीये. एकच सांगते, फॉर्म सरकारी साइटवरच भरा, सर्च केल्यावर वरती ज्या सरकारीसारख्या दिसणाऱ्या साइट येतात त्या त्याच कामाचे दुप्पट तिप्पट पैसे घेतात. मंजुरी दोन वर्षं चालते पण एका वेळी ९० दिवसच आणि ते वाढवून मिळत नाहीत, मधे कॅनडाला जाऊन आलं तरी साधारणपणे मोजणी चालूच राहते.

हे करताना मला सारखी माझी आई आठवत होती. आईच्या व्हिसाला मुंबईत इंटरव्ह्यूची तारीख मिळायलाच वर्षाच्या वर गेलं, मग आधी बोटांचे ठसे द्यायला एक फेरी, मग बीकेसीला पहाटेपासून लाइन, हातात बँकेची कागदं, घराची कागदं, आणि आत दोन मिनिटांत काम झालं. पण तिला व्हिसा दहा वर्षांचा मिळाला आणि आल्यावर सहा महिने राहायची मुभा. म्हणजे एकीला दार उघडायला वर्ष लागलं पण आत आल्यावर निवांत, दुसरीला दार लगेच उघडलं पण दिवस मोजून. एकाच घरात दोन आज्या आणि दोघींचे नियम असे वेगळे, लेकीला हे समजावून सांगताना मला नीट उत्तर देता आलं नाही.

चाळीस दिवस का, तर इन्शुरन्समुळे. जर्मनीचा सरकारी आरोग्यविमा अमेरिकेत चालत नाही, त्यासाठी वेगळा प्रवासविमा घ्यावा लागतो. तिकडे वर्षाची पॉलिसी स्वस्तात मिळते पण ती एका प्रवासाला ठराविक दिवसच चालते, बऱ्याच पॉलिसी ४२ किंवा ५६ दिवसांवर थांबतात. त्यांची ४२ ची होती. वाढवायची तर सत्तरीच्या पुढे हप्ता एकदम चढतो, त्या म्हणाल्या नको, चाळीस पुष्कळ आहेत. इथे साध्या इमर्जन्सी रूमचं बिल काय येतं ते माहीत असल्यामुळे मीही ताणलं नाही.

सामानावरून मात्र बरीच चर्चा झाली. त्यांना मुलासाठी सॉसेज आणि घरचे माउलटाशेन आणायचे होते. माउलटाशेन म्हणजे मोठ्या चौकोनी करंज्या समजा, आत मांसाचा खिमा आणि पालक. त्याची तिकडे एक गोष्ट सांगतात की माउलब्रॉनच्या मठातल्या साधूंनी उपासाच्या दिवसात देवाला दिसू नये म्हणून मांस पिठाच्या पारीत लपवलं. देवाला दिसलं नसेल, पण अमेरिकन कस्टम्सला चालत नाही, मांस म्हणजे जवळजवळ नाहीच. नातीसाठी घेतलेली किंडरची अंडी पण काढायला लावली, आत खेळणं असलेलं चॉकलेट इथे विकायला आणि आणायला दोन्हीला बंदी आहे. शेवटी बॅगेत आलं काय तर कडक चीज, हरिबोच्या जेलीच्या गोळ्या, नातीसाठी विणलेले मोजे, पावासाठी वाळवलेल्या आंबवणाची पुडी आणि श्पेट्झलंचा, म्हणजे तिकडच्या ताज्या शेवयांचा, प्रेस. तो प्रेस व्हिडिओवर बघितल्याबरोबर मी म्हटलं हा तर आमचा सोऱ्या! हँडल जरा लांब एवढाच फरक.

श्टुटगार्टहून अटलांटाला थेट विमान होतं म्हणून तेच घेतलं, विमान बदलायला नको. एअरलाइनला आधी सांगून मदतनीस ठरवला. एका कागदावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात आमचा पत्ता, दोन्ही फोन, परतीच्या तिकिटाची तारीख, त्यांची औषधं आणि 'मी माझ्या मुलाला आणि नातीला भेटायला आले आहे' असं लिहून दिलं. औषधं मूळ डब्यातच ठेवायची, गोळ्या काढून डबीत भरायच्या नाहीत. हा कागद खरंच कामी आला, इमिग्रेशनच्या माणसाने दोन प्रश्न विचारले आणि त्यांनी कागद पुढे केला. मग सामानाच्या पट्ट्याजवळ बीगल जातीचा कुत्रा आला, तिथे खायच्या वस्तू हुंगायला बहुतेक तेच असतात, आणि तो त्यांच्या पर्सजवळ येऊन शांत बसला. विमानात मिळालेलं सफरचंद पर्समधे राहिलं होतं. ऑफिसरने ते काढून घेतलं आणि जायला सांगितलं, दंड होऊ शकतो पण झाला नाही. बाहेर आल्यावर आधी मुलाला मिठी मारली आणि लगेच त्या कुत्र्याचं कौतुक सुरू केलं, किती शहाणा, भुंकला सुद्धा नाही.

पहिला आठवडा अवघड गेला. आम्ही कामावर, लेक शाळेत आणि त्या एकट्या घरात. खिडक्या उघडाव्यात तर एसी चालू. जर्मन घरात रोज सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडून दहा मिनिटं हवा खेळवतात, अगदी बर्फ पडत असला तरी, आणि इथे सप्टेंबरात बाहेर दमट उकाडा. चालायला निघाल्या तर फूटपाथ नाही, रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या म्हाताऱ्या बाईला बघून दोन गाड्या थांबल्या, सगळं ठीक आहे ना, सोडू का कुठे. लोक प्रेमाने विचारत होते पण त्या अवघडून गेल्या. कपडे वाळत घालायला दोरी बांधू म्हणाल्या तर आमच्या सोसायटीच्या नियमात दोरी बसत नाही. मी त्यांना आराम करा, आराम करा म्हणत होते आणि त्या दिवसेंदिवस कोमेजत होत्या. मला वाटायचं की यांना दाखवायला काही कमी पडतंय म्हणून मी सुट्टी काढून अॅशव्हिलच्या डोंगरात न्यायचा प्लॅन करत होते.

पाचव्या सहाव्या दिवशी आल्डी या जर्मन दुकानात गेलो. सामानाच्या ढकलगाडीसाठी पाव डॉलरचं नाणं अडकवायचं, परत ठेवल्यावर नाणं परत, हे सगळं त्यांच्या गावासारखंच, त्यांनी माझ्या हातातून नाणं घेतलं आणि गाडी स्वतः ओढून काढली. आत राईचं पीठ काही मिळालं नाही, ते दुसऱ्या दुकानातून आणलं, आणि दुसऱ्या दिवशी आंबवण भिजवलं गेलं. चार दिवसांनी घरात पहिला काळा पाव भाजला, जड, आंबट, कडक सालीचा. नवऱ्याने ऑफिसातून आल्यावर दारातच वास घेतला आणि बूट न काढता आत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्या दिवसापासून रात्रीचं जेवण म्हणजे आबेंडब्रोट, पाव चीज काकडी, गरम काही नाही. मला रात्री भात लागतो, मी माझा वरणभात लावायचे आणि लेक दोन्ही खायची. कुणी कुणाला काही म्हटलं नाही.

मधल्या एका रविवारी ग्रीनव्हिलच्या डाउनटाउनला गेलो. तिथला मेन स्ट्रीट म्हणजे झाडांची सावली, रुंद फूटपाथ, बाहेर मांडलेली टेबलं, पुढे रीडी नदीचा धबधबा आणि त्यावरचा पूल. सासूबाई म्हणाल्या, हे तर आपल्याकडच्यासारखं आहे. आणि ते खरंच आहे कारण ज्याने हे घडवलं तो मॅक्स हेलर व्हिएन्नाचा. ज्यू मुलगा, १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर पळून इथे आला, आणि आला कसा तर आदल्या वर्षी युरोप फिरायला आलेल्या ग्रीनव्हिलच्या एका मुलीशी नाचताना ओळख झाली होती, तिला त्याने पत्र लिहिलं आणि तिने इथल्या शर्टाच्या कारखान्याच्या मालकाला गळ घातली. कारखान्यात झाडू मारण्यापासून सुरुवात केली आणि १९७१ ते १९७९ या गावाचा मेयर झाला. त्याचा पुतळा मेन स्ट्रीटवर आहे. नवऱ्याने हे सगळं त्यांना त्यांच्या श्वेबिश बोलीत सांगितलं. त्या पुतळ्यासमोर खूप वेळ उभ्या राहिल्या. त्यांचा जन्म युद्धानंतरचा, पण त्यांचे वडील त्या युद्धात होते आणि घरी त्याबद्दल कधी कुणी बोललं नाही हे त्यांनी मला आधी एकदा सांगितलं होतं. नंतर एवढंच म्हणाल्या, आम्ही हाकललं आणि याने इथे झाडं लावली. परतीच्या रस्त्यात कुणी बोललं नाही. मला तो दिवस अॅशव्हिलच्या कुठल्याही डोंगरापेक्षा मोठा वाटतो.

आणि मग हेलीन चक्रीवादळ आलं. समुद्र इथून तीन तासांवर, आम्ही डोंगराच्या पायथ्याशी, आपल्याकडे वादळ काय येणार असंच सगळ्यांना वाटत होतं. २६ सप्टेंबरच्या रात्री ते फ्लोरिडात किनाऱ्याला लागलं आणि शुक्रवारी सकाळी आमच्या डोक्यावर. आधीच पाऊस पडून जमीन भिजलेली, त्यात तो वारा, मोठे मोठे ओक मुळासकट आडवे होत होते आणि प्रत्येक वेळी घर हादरायचं. आम्ही चौघं खिडक्या नसलेल्या पॅसेजमधे गादी टाकून बसलो. सातच्या सुमाराला लाइट गेले ते आठ दिवसांनी आले. फोनला रेंज नाही, नणंद तिकडून फोन लावून लावून रडकुंडीला आलेली, संध्याकाळी नवरा गाडी घेऊन पडलेल्या झाडांतून वाट काढत कुठेतरी टेकाडावर गेला तेव्हा एक मेसेज गेला की सगळे ठीक. ज्या अॅशव्हिलला मी त्यांना नेणार होते तिथे काय झालं ते नंतर कळलं, रस्ते, गावं, माणसं वाहून गेली. अजूनही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

शनिवारी सकाळी मी उठले तर सासूबाई बाहेर होत्या. एसी बंद, घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आणि त्या खराटा घेऊन रस्ता झाडत होत्या. श्वेबिश लोकांत केरवोखं म्हणून पद्धत आहे, इमारतीतल्या प्रत्येक घराने पाळीपाळीने आठवडाभर जिना आणि समोरचा रस्ता झाडायचा. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, आमच्या दारापासून सुरुवात केली आणि शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या दारापर्यंत गेल्या, फांद्या एका बाजूला, पानं एका बाजूला. तासाभरात समोरचा करवत घेऊन आला, पलीकडची बाई हातमोजे घालून आली, इतक्या वर्षांत ज्यांच्याशी हात हलवण्यापलीकडे ओळख नव्हती ते सगळे रस्त्यावर.

फ्रीजमधलं वितळायला लागलं होतं. आमची शेगडी विजेची म्हणजे बंद, पण मागे गॅसचा ग्रिल होता आणि त्याला बाजूला एक बर्नर. सासूबाईंनी विचारलं घरात अंडी किती. आमच्याकडे १८, शेजारच्यांनी आणखी दोन डझन आणून दिली. मैदा, अंडी, मीठ, थोडं पाणी, पीठ चमच्याने हवा भरेपर्यंत फेटायचं, बुडबुडे दिसले पाहिजेत, आणि मग उकळत्या पाण्यावर तो सोऱ्या दाबायचा. वर आलं की झाऱ्याने काढायचं. मी दाबत होते आणि त्या काढत होत्या, सोबत डबाभर मसूर शिजवलेला कारण तिकडे श्पेट्झलं मसुराबरोबर खातात, त्यात मी फोडणी घातली, त्यांनी चव घेतली आणि म्हणाल्या, घाल अजून. त्या संध्याकाळी आमच्या मागच्या अंगणात अकरा माणसं जेवली. पुढचे चार दिवस रोज कुणी ना कुणी काहीतरी घेऊन यायचं, आणि त्यांना सगळे ओमा, म्हणजे आजी, म्हणायला लागले होते, लेक म्हणते ते ऐकून.

मी पण त्यांना ओमाच म्हणते, हे सांगायचं राहिलं. जर्मनीत सून सासूला नावाने हाक मारते, त्यांनी लग्नाआधीच मला तसं सांगितलं होतं, पण माझ्या जिभेवर ते नाव कधी आलंच नाही, लेक झाल्यावर सुटका झाली.

याच अंधाराच्या दिवसात एका रात्री मेणबत्तीच्या उजेडात नवऱ्याने तो विषय काढला. तो अमेरिकन नागरिक व्हायला कधीच तयार नव्हता, कारण जर्मन कायद्यात दुसरं नागरिकत्व घेतलं की जर्मन पासपोर्ट जायचा, आधी खास परवानगी काढली नसेल तर. २७ जून २०२४ पासून हा नियम गेला, आता दोन्ही ठेवता येतात. त्याने हे घाबरत घाबरत सांगितलं, आईला वाटेल हा आता पूर्ण इकडचा झाला. मग त्याने समजावलं की ग्रीन कार्डवर सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की नागरिकत्वाचा हिशोब बिघडतो आणि वर्षभर राहिलं तर कार्डच धोक्यात येतं. नागरिक झालो तर तुझ्याकडे येऊन हवं तितकं राहता येईल, कुणाला विचारायला नको. बाबांच्या वेळी प्रत्येक दिवस मोजत होतो, तसं तुझ्या वेळी नको. सासूबाई बराच वेळ मेणबत्तीचं मेण खरवडत होत्या. म्हणाल्या, म्हणजे तू अमेरिकन झालास की जास्त घरी येशील. तो हो म्हणाला. मग भर तो फॉर्म.

ऑक्टोबरच्या शेवटी अटलांटाला सोडायला गेलो तेव्हा त्यांच्याकडे कागद होता पण त्यांनी तो बाहेर काढलाच नाही.

नवऱ्याने नोव्हेंबरमधे अर्ज केला, ऑनलाइन फी ७१० डॉलर, गेल्या पाच वर्षांतल्या प्रत्येक नोकरीच्या आणि प्रत्येक परदेश प्रवासाच्या तारखा. सासऱ्यांच्या आजारपणातल्या दोन्ही फेऱ्यांच्या तारखा लिहिताना त्याला वेळ लागला. इंटरव्ह्यूला तेव्हा १०० प्रश्नांच्या यादीतले दहा विचारायचे आणि सहा बरोबर यायला हवेत अशी परीक्षा होती, सासूबाई रविवारच्या कॉलवर जर्मनमधे छापून घेतलेली यादी समोर ठेवून त्याला प्रश्न विचारायच्या. २०२५ च्या उन्हाळ्यात शपथ झाली.

आता येत्या जूनमधे तो आणि लेक शाळेची पूर्ण सुट्टी तिकडे राहणार आहेत, मी जुलैत जाईन. जर्मनीत शिरताना जर्मन पासपोर्ट, इकडे परत येताना अमेरिकन, दोन्ही बरोबर ठेवायचे. येताना काय आणू असं मी परवा सासूबाईंना विचारलं. झिपच्या प्लास्टिक पिशव्या, त्या इथल्यासारख्या तिकडे मिळत नाहीत, पेकान, आणि शेजारच्या आजोबांचा फोटो, पायाचं ऑपरेशन झाल्यावर ते कसे चालतात बघायचंय. आणि तो श्पेट्झलंचा प्रेस, मी विचारलं, तो घेऊन येऊ का, तुम्हाला लागत असेल. तर म्हणाल्या नको, तो तिथेच राहू दे, ईएस्टा ऑगस्टपर्यंत आहे माझा, नवीन काढला की मला तिथे लागेल.